दोन मिनिटांची गाडी

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणावरून)

आज आपण रस्त्यावर कशीही गाडी लावणं आणि त्यासाठी होणारा दंड याबद्दल बोलणार आहोत. काहीजणी म्हणतील, हा काय आपला विषय? पोलीस आणि गाडीवाले बघून घेतील. गेल्या वर्षापर्यंत मीही असंच म्हणत होते.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं चालायचं. घरातल्या घरात नाही, बाहेर, सपाट आणि लांब जागेवर. आम्ही पुण्यात पेठेत राहतो. आमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत फुटपाथ आहे. मी म्हटलं, आई, झालं की आपलं! मारुतीपर्यंत जायचं, नमस्कार करायचा, परत यायचं. वॉकर घेऊन निघालो. पहिल्या दिवशीच कळलं की आहे म्हणायला आहे तो फुटपाथ, चालायला नाही. दहा पावलांवर मेडिकलवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या स्कूटर, पुढे क्लासच्या मुलांच्या मोटारसायकली, त्याच्यापुढे एक चारचाकी, दोन चाकं फुटपाथवर आणि दोन रस्त्यावर. दर वेळी आईंनी खाली उतरायचं, गाड्यांना वळसा घालायचा आणि पुन्हा वर चढायचं. ती पायरी चांगली नऊ इंचांची. नव्या गुडघ्याला नऊ इंच म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांना विचारा.

सहा दिवस आम्ही असं केलं. सातव्या दिवशी संध्याकाळी आई उतरताना वॉकरचा पुढचा पाय एका स्कूटरच्या स्टँडला अडकला आणि त्या पडल्या. गुडघा वाचला, पण उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर म्हटल्यावर वॉकर धरता येईना, वॉकर नाही म्हणून चालणं नाही, चालणं नाही म्हणून गुडघा आखडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर निघालं, पण गुडघा पूर्वीसारखा वाकला नाही तो नाहीच.

आता या सगळ्याची नोंद कुठे आहे? कुणा गाडीने धडक दिलेली नाही, म्हणून अपघात नाही, पंचनामा नाही. त्या स्कूटरवाल्याला आजही माहीत नाही की तो औषधाची पट्टी घेऊन निघून गेला तेवढ्यात काय झालं. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. तो दोनच मिनिटांसाठी आत गेला होता. दुसरीकडे ही दोन मिनिटं किती लांबतात ते मला त्या संध्याकाळी कळलं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण ती लपवून तुम्हाला उपदेश करणं बरं दिसणार नाही. त्यानंतर चारेक महिन्यांनी माझ्या मोबाइलवर ई-चलन आलं. नो पार्किंग, दंड ५०० रुपये. मी चिडले. मी आणि नो पार्किंग? चलनासोबत फोटो असतो तो उघडला. टेलरकडे ब्लाउज टाकायला गेले होते, तेव्हाचा. माझी स्कूटर बसस्टॉपच्या बरोबर समोर, रस्त्याच्या कडेला. दोनच मिनिटं म्हणून लावलेली. आणि फोटोच्या कडेला एक बाई, कडेवर मूल, हातात पिशवी, स्टॉप सोडून पार रस्त्यात उभी. स्टॉपवरून तिला बस दिसत नसणार आणि बसलाही कडेला यायला जागा नसणार. फोटो काढणाऱ्याने तिचा फोटो काढलेला नाही, ती आपसूक आलीय. ५०० रुपये मी भरले, पण त्या आधी तो फोटो घरात आईंना दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा काढला आणि भाजी निवडायला लागल्या. चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तर आता कायदा काय म्हणतो ते बघू. आपल्यापैकी बहुतेकींचा समज असा की ‘नो पार्किंग’ची पाटी असेल तिथेच गाडी लावायची नाही. पाटी नसेल तर रस्ता आपलाच. हे चुकीचं आहे. काही जागा अशा आहेत, जिथे पाटी असो वा नसो, गाडी लावणं नियमाविरुद्धच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि वाहन कसं चालवायचं, कुठे थांबवायचं याचे नियम २०१७ मध्ये नव्याने आले. फुटपाथ, सायकलचा मार्ग आणि पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे, यांवर गाडी लावायची नाही. चौकाच्या तोंडाशी आणि वळणावर नाही. बसस्टॉपजवळ नाही. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारात नाही. कुणाच्याही फाटकासमोर नाही. एक गाडी उभी असताना तिच्या शेजारी रस्त्याच्या बाजूने दुसरी लावायची नाही, ज्याला आपण डबल पार्किंग म्हणतो. ‘मी गाडीत बसूनच होते’, ‘इंडिकेटर चालू ठेवला होता’ ही उत्तरं इथे चालत नाहीत. चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवले की रस्त्यावर आपला सातबारा लागतो, असं काहींना का वाटतं कोण जाणे!

पाट्यांचंही थोडं सांगते. निळ्या गोलात एकच तिरकी लाल रेघ असेल तर गाडी लावून जायचं नाही. लाल फुली असेल, म्हणजे दोन रेघा, तर तिथे थांबायचंसुद्धा नाही, माणूस उतरवायलाही नाही. पुण्यात पी १ आणि पी २ अशा पाट्या असतात. बाहेरगावच्या पाहुण्यांचा तिथे हमखास गोंधळ होतो. पी १ च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी २ च्या बाजूला सम तारखेला. माझ्या नणंदेचे यजमान सोलापूरहून आले होते. पाटीखालीच गाडी लावून निवांत जेवायला बसले. तारीख होती चौदा आणि पाटी होती पी १. हात धुवून खाली येईपर्यंत चाकाला जॅमर!

दंड किती? २०१९ च्या दुरुस्तीआधी असल्या किरकोळ गुन्ह्यांचा दंड पहिल्या वेळी १०० रुपये आणि नंतर ३०० रुपये असायचा. दुरुस्तीनंतर १७७ कलमाखाली पहिल्या वेळी ५०० पर्यंत आणि पुन्हा केलं तर १,५०० पर्यंत झाला. महाराष्ट्रात हे वाढीव दर २०२१ च्या डिसेंबरपासून लागू आहेत. गाडी उचलून नेली तर टोइंगचा खर्च वेगळा, तोही गाडीच्या मालकानेच द्यायचा. १२७ कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणून पावती नीट वाचा. तिच्यावर दंड किती आणि उचलण्याचा आकार किती, हे वेगवेगळं दिसायला हवं. पावतीशिवाय पैसे देऊ नका. जॅमर लावलेला असेल तर तो तोडायच्या किंवा चाक फिरवून बघायच्या फंदात पडू नका. चूक पाचशेची असते, ती उगाच मोठी होते.

कायदा वाचताना मला एक गोष्ट मात्र खटकली. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाचा बंब मागून आला आणि चालत्या गाडीने बाजूला होऊन वाट दिली नाही, तर १९४ ई कलमाखाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चांगलं आहे. पण ते कलम गाडी चालवणाऱ्यासाठी आहे. ज्याने गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि कुलूप करून सिनेमाला गेला, त्याच्यामुळे तीच रुग्णवाहिका अडली तर? त्याला नो पार्किंगचे ५००. वाहतुकीला अडथळा म्हणून २०१ कलम आहे, त्यातही ५०० च. भारतीय न्याय संहितेच्या २८५ कलमात सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केला तर ५,००० पर्यंत दंड आहे, पण त्यासाठी तक्रार, पोलीस ठाणं, कोर्ट असा सगळा प्रवास. बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. आमच्याकडच्या कित्येक बोळांत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे तेवढी जागा उरत नाही. जुने लाकडी वाडे, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. मी रोज रात्री गॅलरीतून खाली बघते आणि मनात हिशेब करते. काल मधली जागा मला सात फुटांच्या वर दिसली नाही.

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी, बायकांसाठी. बऱ्याच घरांत स्कूटर बाईच्या नावावर घेतलेली असते. चालवतो मुलगा, भाऊ नाहीतर नवरा. चलन मात्र गाडी ज्याच्या नावावर त्याला येतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या नावावर अशी अकरा चलनं साठली होती आणि त्यांना गाडी चालवताच येत नाही! गाडी घेताना नोंदणीत दुकानदाराने भलताच मोबाइल नंबर टाकलेला, त्यामुळे मेसेज कधी आलाच नाही. लोकअदालतीची नोटीस घरी आली तेव्हा कळलं. तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या नावावरच्या गाडीच्या नोंदणीला आपलाच चालू मोबाइल नंबर जोडलाय का ते बघा. दुसरं, अधूनमधून महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलनाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ ॲपवर गाडीचा नंबर टाकून काही थकलंय का ते पाहा. चलन चुकीचं असेल, म्हणजे फोटोतली गाडी आपली नाही, नंबरात एक आकडा वेगळा आहे, तर तिथेच तक्रार नोंदवता येते. फोटो नीट मोठा करून बघा. आणि गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगणं ही मालकाची जबाबदारी आहे, ती १३३ कलमात आहे. ‘मला काय माहीत, पोरगा घेऊन जातो’ हे उत्तर चालत नाही. घरात एकदा स्पष्ट सांगून टाकावं, चलन ज्याचं, खिसा त्याचा.

याच ओघात सावध करते. व्हॉट्सॲपवर ‘तुमच्या गाडीचं चलन थकलंय, खालील फाइल उघडा’ असे मेसेज फिरतात. सोबत एपीके नावाची फाइल असते. ती उघडू नका. त्यातून मोबाइलमध्ये घुसून बँकेतले पैसे काढतात. असा मेसेज आला की तो तिथेच ठेवा आणि स्वतः अधिकृत ठिकाणी जाऊन गाडीचा नंबर टाकून बघा.

बरं, दंडाने खरंच काही होतं का? माझा धाकटा दीर म्हणतो, वहिनी, पाचशेचे पाच हजार करा, एका दिवसात सगळे सरळ होतील. मलाही आधी हेच वाटायचं. मग दोन गोष्टी वाचनात आल्या.

पहिली पाळणाघराची. इस्रायलमध्ये हैफा नावाचं शहर आहे. तिथल्या दहा पाळणाघरांमध्ये ग्नीझी आणि रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यांचा लेख २००० साली प्रसिद्ध झाला. आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे आणि शिक्षिकेला ताटकळत बसावं लागायचं. म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांमध्ये उशिराला थोडा दंड लावला. काय झालं असेल? उशीर कमी व्हायच्याऐवजी वाढला, जवळजवळ दुपटीवर गेला. पूर्वी उशीर झाला की आईबापांना शिक्षिकेसमोर ओशाळं वाटायचं. आता वाटायला लागलं, पैसे देतोय ना, मग बसू दे! दंड म्हणजे जास्त वेळ मूल ठेवण्याची फी होऊन बसली. आणि पुढे दंड बंद केला तरी उशीर कमी झाला नाही. एकदा गेलेला संकोच परत आला नाही.

आपल्याकडे लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीला हेच ऐकू येतं. ‘लाव इथेच. फार तर पाचशे जातील. पार्किंग शोधण्यात तास घालवण्यापेक्षा बरं.’ दहा हजारांची साडी घेणाऱ्याला पाचशे म्हणजे फॉल-पिकोच्या हिशेबातले. आणि सकाळी कामाला निघालेल्या रिक्षावाल्याला तेच पाचशे म्हणजे दिवसाची कमाई. दंडाचा आकडा एकच, पण तो सगळ्यांना सारखा लागत नाही.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. तिथे संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्य कार्यालय आहे, म्हणून जगभरातल्या देशांचे राजनैतिक अधिकारी राहतात. त्यांना कायद्याचं संरक्षण असल्यामुळे पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. चलन लागायचं, ते फाडून टाकायचे. १९९७ च्या अखेरीपासून पाच वर्षांत अशी दीड लाखाहून जास्त चलनं थकली, १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर रक्कम. फिसमन आणि मिगेल या अभ्यासकांनी देशवार यादी काढली. काही देशांच्या अधिकाऱ्यांची माणशी शेकडो चलनं आणि स्वीडन, नॉर्वे यांची एकही नाही, जबरदस्ती नसतानाही! म्हणजे घरून काय सवय लावून घेतलीय तेही महत्त्वाचं. पण खरी गंमत पुढे आहे. २००२ मध्ये नियम बदलला. दंड थकवला तर गाडीची खास नंबरप्लेट काढून घेता येईल, असं ठरलं. दंडाची रक्कम वाढवली नव्हती. फक्त आता तो चुकवता येणार नव्हता. बेकायदा पार्किंग साधारण ९८ टक्क्यांनी कमी झालं.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की मला वाटतं, दीर म्हणतो तसे पाच हजार करण्यात अर्थ नाही. पाचशेच असू दे, पण ते रोज, प्रत्येकाला आणि लगेच लागले पाहिजेत. महिन्यातून एकदा मोहीम निघते, पन्नास गाड्या उचलतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर पन्नास गाड्या. हे लॉटरीसारखं आहे. ज्याचा नंबर लागला तो नशिबाला बोल लावतो, आपल्या चुकीला नाही. माझं चलन आलं तेव्हा मीही हेच म्हटलं होतं, ‘एवढे सगळे लावतात, मीच सापडले!’

मुंबईत एकदा मोठा दंड लावून पाहिला. ७ जुलै २०१९ पासून महापालिकेच्या सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी लावली तर दुचाकीला ५,००० आणि मोटारीला १०,००० रुपये. खूप आरडाओरड झाली. पुढे महापालिकेने ती रक्कम कमी केली. मला त्यातला आकडा पटला नाही, पण एक विचार पटला. जवळ वाहनतळ असूनही तू रस्त्यावर लावलीस म्हणून दंड. जागा आधी दाखवायची, मग दंड करायचा. पुण्यात २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे द्यायचे असं. त्याला एवढा विरोध झाला की ते फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून करायचं ठरलं आणि मग कितीतरी वर्षं ते कागदावरच राहिलं. विरोध करणाऱ्यांत आमच्या पेठेतली मंडळीही होती. रस्त्यावर गाडी लावायला पैसे? रस्ता काय कुणाच्या बापाचा?

बरोबर आहे, कुणाच्याच बापाचा नाही. एका मोटारीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. चौरस फुटांत सांगायचं तर एकशेतीसच्या वर. दहा बाय दहाची खोली शंभर चौरस फुटांची. म्हणजे आमच्या मागच्या वाड्यात ज्या खोलीत चारजण राहतात, भाडं भरतात, त्या खोलीहून मोठी जागा एक मोटार रात्रभर फुकट वापरते. आणि त्याच मोटारीच्या बाजूला मेथीच्या चार जुड्या मांडून बसणाऱ्या मावशी पोत्याएवढी जागा घेतात. अतिक्रमणाची गाडी आली की पळायचं कुणी? मावशींनी. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, तरीही. मोटारीसाठी कुणी पळताना मी तरी पाहिलेलं नाही.

चालणाऱ्या माणसाच्या बाजूने मात्र एक मोठी गोष्ट झालीय. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पादचाऱ्याला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था रस्ते कसे असावेत याचे दंडक ठरवते. तिच्या म्हणण्याप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. का, तर दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाव्यात. मी आमच्या फुटपाथवर टेप लावून मोजलं. रिकामा असताना १.६ मीटर भरला. स्कूटर उभी असताना चाळीस सेंटीमीटर. चाळीस सेंटीमीटर म्हणजे पोळपाट-लाटणं घेऊन नीट बसताही येणार नाही.

तर आम्ही काय केलं ते सांगते. आमच्या बचत गटात हा विषय निघाला. मला वाटलं होतं, मी एकटीच रडगाणं गातेय. पण एकेक जण बोलायला लागली. एकीच्या मुलाची व्हॅन शाळेच्या दारात डबल पार्किंगमुळे रस्त्याच्या मधोमध थांबते. एक जण घरकामाला जाते. तिला रोज पहाटे अंधारात गाड्यांच्या मधल्या फटीतून जायची भीती वाटते, कुणी दबा धरून असेल तर कळणार नाही. एक गरोदर होती, ती म्हणाली, मला त्या फटीतून जाताच येत नाही. आम्ही आठवडाभर रोज एका ठरलेल्या वेळी फोटो काढले, खाली तारीख आणि वेळ लिहिली. गाड्यांचे नंबर कुठे छापले नाहीत, चौकात लावले नाहीत. शेजाऱ्यांशी भांडण करायचं नव्हतं. त्यातल्या दोन गाड्या आमच्याच बिल्डिंगमधल्या निघाल्या आणि एक तर गटाच्या खजिनदार बाईंच्या मुलाची. हे फोटो लावून वाहतूक शाखेला एक अर्ज आणि क्षेत्रीय कार्यालयाला एक अर्ज दिला, दोन्हीची पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका. अर्जात ‘कारवाई करावी’ असं मोघम न लिहिता तीन मागण्या लिहिल्या: मेडिकलसमोर दुचाकींसाठी रस्त्यावर पट्टे आखून जागा द्या, फुटपाथच्या तोंडाला खांब बसवा म्हणजे गाडी वर चढणार नाही, आणि संध्याकाळी सहा ते आठ रोज चलन करा.

मेडिकलवाला आधी चिडला, माझं गिऱ्हाईक तोडता म्हणाला. पण दुचाकींच्या पट्ट्यांची मागणी वाचून तोही सहीला तयार झाला. त्याचीच आई आता थकली आहे.

पट्टे अजून आखलेले नाहीत. संध्याकाळचं चलन आठवड्यातून दोनदा होतं, रोज नाही. फुटपाथच्या तोंडाला खांब मात्र तीन महिन्यांत बसले, चांगले स्टीलचे. पहिल्याच दिवशी आईंना घेऊन गेले. मोटारसायकली सगळ्या खाली, फुटपाथ मोकळा, मारुतीपर्यंत सरळ दिसत होता. आणि आईंचा वॉकर त्या दोन खांबांच्या मधून जाईना. मोटारसायकल अडावी म्हणून खांब इतके जवळ रोवलेत की वॉकरही अडतो. चाकाची खुर्ची तर नाहीच. आई माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. टेपने मोजलं, फट एकसष्ट सेंटीमीटरची.

सध्या आम्ही वॉकर उचलून तिरका करून पलीकडे ठेवतो, आई खांबाला धरून पलीकडे जातात आणि मग मारुतीपर्यंत न थांबता चालतात. एक खांब थोडा बाजूला सरकवून मधे किमान नव्वद सेंटीमीटर जागा ठेवावी, असा दुसरा अर्ज परवा दिला आहे. त्याचीही पोच घेतली आहे.